पोलोची रेसकार होते तेव्हा नेमकं काय बदलतं? आणि ती एमएच-२९ च्या रस्त्यावर का नको?

इन्स्टाग्रामवर 'ट्रॅक बिल्ड' शोधा, एकसारखे रील्स येतात. मागचं सीट गायब, आत स्टीलच्या पाइपांचा पिंजरा, रुंद टायर, एक्झॉस्टमधून फटाके. खाली ठरलेली कमेंट: "भाऊ, किती खर्च आला?" यवतमाळच्या मित्रांचा प्रश्न तर आणखी पुढे गेलेला असतो: सेकंडहँड पोलो घेऊन आपणही असं करायचं का?

खर्चाचं नंतर पाहू. आधी ट्रॅकची गाडी बनते कशी ते समजून घेऊ, म्हणजे अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतील.

चाकणच्या गाडीचं उदाहरण

पोलो ही काही फरारी नाही. पण रस्त्यावरच्या गाडीची रेसकार कशी होते, याचं महाराष्ट्राशी जोडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण तिचंच आहे. फोक्सवॅगनने चाकणमध्ये बनणाऱ्या या हॅचबॅकवर २०१० मध्ये पोलो कप सुरू केला. पहिल्या वर्षी त्यात चक्क डिझेल इंजिन होतं. पुढे १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल आलं, ताकद १८० पीएस. त्यानंतर व्हेंटो आणि अमिओच्या रेसकार आल्या. अमिओ कपच्या गाडीत १.८ लिटरचं २०५ पीएसचं इंजिन आणि सिक्वेन्शिअल गिअरबॉक्स होता. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते या मालिकांमध्ये धावला आहे.

तुलनेसाठी, शोरूममध्ये मिळणाऱ्या पोलो जीटी टीएसआयची ताकद १०५ पीएस होती. म्हणजे आकडा दुपटीच्या जवळ गेला. रील्समध्ये हाच आकडा मोठ्या अक्षरात दिसतो. पण खरं काम इतर ठिकाणी असतं.

आधी थांबणं, मग पळणं

थोडं गणित करू. १२०० किलोची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणायची, तर ब्रेकना साधारण ८७५ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. एवढ्या उष्णतेत जवळपास ३ लिटर पाणी उकळायला येईल. ट्रॅकवर हे प्रत्येक मोठ्या वळणाआधी होतं, लॅपमागून लॅप.

साध्या डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही किमान मर्यादा १४० वर येते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून रेसकारमध्ये आधी ब्रेक ऑइल, पॅड, डिस्क आणि हवेचे मार्ग बदलतात.

आता उलटी बाजू. रेसिंगचे पॅड गरम झाल्यावरच नीट पकडतात. स्लिक टायरचंही तसंच. त्यांना नक्षी नसते, त्यामुळे कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवर पकड जबरदस्त. पण पाणी बाहेर काढायला खाचाच नसतात. जुलैच्या पावसात घाटंजी रोडवर अशी गाडी अक्षरशः पाण्यावर तरंगेल.

ईसीयू म्हणजे जादूची फाइल नाही

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे 'रीमॅप' हा शब्द मला जास्त खुणावतो. ईसीयूमध्ये मोठमोठी टेबलं असतात: इतका आरपीएम, इतका लोड, तर स्पार्क कधी, इंधन किती, टर्बोचा दाब किती. रीमॅप करणारा यातले आकडे बदलतो. कंपनीने ते आकडे थोडे सांभाळून ठेवलेले असतात. त्यात खराब पेट्रोलचा विचार असतो, यवतमाळच्या मे महिन्यातल्या उन्हाचा असतो, क्लच-गिअरबॉक्सच्या सहनशक्तीचा आणि बीएस-६ प्रदूषण नियमांचाही असतो. रीमॅपमधून मिळणारी ताकद बऱ्याच अंशी याच राखीव जागेतून येते. रेस टीम ती वापरते, कारण तिच्याकडे डेटा लॉगर असतो, ठरलेलं इंधन असतं आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी खोलणारे मेकॅनिक असतात. आपल्याकडे यातलं काय आहे?

पिंजरा कोणाला वाचवतो?

रील्समधली सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे रोल केज. रेसमध्ये तो जीव वाचवतो, कारण सोबत सहा पट्ट्यांचा हार्नेस, घट्ट बकेट सीट, हेल्मेट आणि मानेला धरून ठेवणारं हान्स उपकरण असतं. यातलं एक काढलं तरी हिशोब बिघडतो. हेल्मेट न घालता नेहमीच्या बेल्टवर केज असलेली गाडी चालवली, तर धडकेत डोकं थेट स्टीलच्या पाइपवर आपटू शकतं. रेसकारमध्ये एअरबॅग सहसा काढून टाकतात. 'अर्धी ट्रॅक, अर्धी रोड' अशी गाडी बनवताना दोन्हीकडचं संरक्षण आपण आपल्याच हाताने घालवतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे मांडलं. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारख्या बदलांना नियमांत वाट आहे, रंग बदलता येतो, पण आरटीओला कळवून.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ वेगळं लागतं. शिवाय न सांगितलेल्या बदलावरून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, हे पॉलिसी घेताना कोणी बोलत नाही.

पण दंडापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. ट्रॅकवर धोका पत्करतो तो स्वतः चालवणारा. तिथे मार्शल असतात, अँब्युलन्स असते, समोरून कोणी येत नाही. आपल्या रस्त्यावर वणीकडचे कोळशाचे ट्रक असतात, हंगामात कापसाने भरलेल्या, मागे लाइट नसलेल्या ट्रॉल्या असतात, शाळेतून घरी जाणारी सायकल असते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शच्या धडकेत दुचाकीवरचे दोघं गेले. दोघंही माझ्याच पेशातले, आयटी इंजिनिअर. वेगाची किंमत मोजली ती गाडीबाहेरच्यांनी.

मग करायचं काय?

हौस मारायची गरज नाही, जागा बदलायची गरज आहे. अडचण खरी आहे: मोठे रेसट्रॅक आपल्यापासून लांब. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. विदर्भातल्या पोराला हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त जावं लागतं. रस्त्यावरच्या शर्यतींना नावं ठेवताना सरकारनेही हे अंतर लक्षात घ्यायला हवं.

तरी वाटा आहेत. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची टीम बांधा. बाहा एसएईइंडिया आणि सुप्रा एसएईइंडिया या स्पर्धांत विद्यार्थी स्वतः गाडी डिझाइन करतात, वेल्ड करतात, चालवतात. यात शिकलेलं पुढे नोकरीतही उपयोगी पडतं. चालवायचंच असेल तर गो-कार्टिंगपासून सुरुवात करा, मग रेसिंग स्कूल आणि एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स. आणि पैसे जमवून खरंच ट्रॅककार बनवलीत, तर ती ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर न्या. रेस टीमही तसंच करतात.

आज हातात पोलो किंवा स्विफ्ट असेल, तर चांगले टायर, वेळेवर बदललेलं ब्रेक ऑइल आणि नीट अलाइनमेंट एवढं करा. याचा रील बनणार नाही, पण गाडी वेळेवर थांबेल.