सेवा ज्यांच्यासाठी, त्यांना विचारून

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरील समाज, देशाच्या लोकसंख्येच्या जेमतेम चार टक्के आहे. त्यांच्यातील आत्महत्यांचे प्रमाण मात्र इतर नागरिकांच्या दुपटीहून अधिक असून तरुण वयातील मृत्यूंचे ते प्रमुख कारण आहे. त्या देशात डॉक्टरांची किंवा पैशाची वानवा नाही. १२ ते २५ वयोगटासाठी ‘हेडस्पेस’ ही संस्था २००६ मध्ये स्थापन झाली आणि आज तिची केंद्रे देशभर आहेत. तरीही या समाजातील अनेक मुले मदत मागायला येत नाहीत, किंवा एकदा येऊन पुन्हा फिरकत नाहीत.

याचे एक कारण इतिहासात आहे. साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी यंत्रणा आणि मिशन यांनी या समाजाची मुले आईवडिलांपासून तोडून नेली, तीही ‘त्यांच्या भल्यासाठी’. १९९७ च्या अहवालाने हे उघड मांडले. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. पण आजच्या तरुणांच्या आजी-आजोबांनी हे भोगले आहे. अशा घरातला मुलगा सरकारी समुपदेशकापुढे लगेच मन मोकळे करणार नाही.

दुसरे कारण मला डॉक्टर म्हणून अधिक अस्वस्थ करते. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देणे हा तिथल्या अनेक समूहांत आदर आहे. आमच्या केसपेपरवर मात्र ‘नजर टाळतो’ हे लक्षण म्हणून लिहिले जाते. गेलेल्या नातेवाइकाचा आवाज ऐकू येणे हा शोकाचाच भाग असू शकतो, पण अनभिज्ञ डॉक्टर त्याला भास समजून औषध सुरू करील. म्हणूनच ट्रेसी वेस्टरमन या त्याच समाजातील मानसशास्त्रज्ञांनी १३ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली.

पर्थमध्ये नूंगार समाजासोबत चाललेले काम याच्याही पुढचे आहे. कर्टिन विद्यापीठातील मायकल राइट आणि सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्य सेवांचे अधिकारी, नूंगार ज्येष्ठ आणि तरुण यांना एकत्र बसवले. कार्यपद्धतीचे नाव आहे ‘देबाकर्न कूर्लिनी वांगकिनी’: सावकाश चालत, बोलत. आधी ओळख आणि विश्वास, सुधारणांची यादी नंतर. ज्येष्ठ सोबत असणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे तरुण एकटा पडत नाही आणि त्याच्या बोलण्याला समाजाचे वजन मिळते.

तरुणांना जे दिसते ते आम्हाला दिसत नाही. छोट्या वस्तीत केसपेपर काढायला आतेबहीणच बसली असेल तर कोण आत येईल? फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न घरच्यांविषयी असेल तर जुनी भीती जागी होणारच. या गोष्टी समितीत एखादा मुलगा शोभेला बसवून कळत नाहीत. त्याला मानधन हवे, आणि समुपदेशक निवडताना त्याचे मत मोजले जायला हवे. उलट, जो स्वतःच खचलेला आहे त्याला साऱ्या समाजाचा प्रवक्ता बनवणे अन्यायाचे आहे. म्हणून एक नव्हे, बरेच जण हवेत.

आपल्याकडेही कोरकू, माडिया किंवा पावरी बोलणारी आश्रमशाळेतली मुले ओपीडीत येतात. सोबतचे गुरुजीच बहुधा त्यांच्या वतीने मराठीत उत्तरे देतात, आणि आम्ही तीच लिहून घेतो.

पर्थच्या पद्धतीची अडचण एकच: ती वेळ खाते. सरकारी प्रकल्पांचा निधी अनेकदा वर्षा-दोन वर्षांपुरता असतो, आणि तेवढ्या काळात धड ओळखही होत नाही.