दुसरी नोंदवही

डोंबिवली एमआयडीसीच्या फेज टूमधल्या एका शेडमध्ये मागच्या महिन्यात जाणे झाले. रिअ‍ॅक्टर नुकताच धुतलेला, फरशी अजून ओली. एका भिंतीशी पॅरा-अमिनोफेनॉलचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘पीएपी’चे, ड्रम रचून ठेवलेले, लेबलवर इंग्रजीच्या खाली चिनी अक्षरे. समोर जाळीच्या दाराआड, कुलपात, अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड, आणि दाराच्या खिळ्याला दोरीने बांधलेली जाडजूड नोंदवही. आले किती, बॅचला लागले किती, शिल्लक किती, खाली सही. मालकांनी वही उघडून दाखवली. शेवटची नोंद त्याच दिवशी सकाळची होती.

या दोन रसायनांची गाठ पडली की पॅरासिटामॉल होते, घरोघरची तापाची गोळी. अ‍ॅनहायड्राइडला कुलूप का, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मॉर्फिनचे हेरॉइन करायला तेच लागते, म्हणून नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी, हिशेब, विवरणपत्रे. पीएपीच्या ड्रमांना मात्र वही नाही. तो माल उद्या आलाच नाही तर काय, हा प्रश्न कोणत्याही फॉर्मवर कुणी विचारलेला नाही.

व्यापार आणि देशाची सुरक्षा यांचा संबंध आपल्या धंद्यात नेमका कुठे येतो, तो या शेडमध्ये समोरासमोर ठेवलेला दिसला. जे बाहेर जाऊन घात करू शकते, त्याच्यावर देशाचा पहारा आहे आणि तो बराचसा नेटका आहे. जे यायचे थांबले तर घात होईल, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

पहिल्या पहाऱ्याबद्दल आधी थोडे. आपल्यातले कितीतरी जण थायोनिल क्लोराइड किंवा फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड रोज हाताळतात. औषधांच्या इंटरमिजिएटमध्ये क्लोरिनेशन करायचे तर दुसरा सोयीचा मार्ग नसतो. ही दोन्ही रसायने रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. भारताने 1993 मध्ये या करारावर सही केली, स्वतःजवळचा शस्त्रसाठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत तो नष्टही केला. त्या कराराचा कायदा आपल्याकडे 2000 मध्ये झाला. अनुसूचीत नसलेली सेंद्रिय रसायनेसुद्धा वर्षाला 200 टनांच्या वर बनवणाऱ्या कारखान्याला घोषणापत्र द्यावे लागते. रेणूत फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असेल तर ही मर्यादा 30 टनांवर येते. निर्यातीला दुहेरी वापराच्या मालाची स्कोमेट यादी आहेच. आणि 2005 च्या महासंहारक शस्त्रांच्या कायद्यानुसार माल यादीत नसला, पण तो शस्त्रासाठी जाणार हे निर्यातदाराला ठाऊक असले, तरी जबाबदारी त्याच्यावर येते.

या कागदांना ‘सरकारी कटकट’ म्हणायची आपल्या बैठकांत सवय आहे. ती सोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. 23 जानेवारी 2024 रोजी आपल्या न्हावाशेवा बंदरात चीनहून कराचीला निघालेले एक जहाज थांबवले गेले आणि त्यातून इटलीत बनलेले सीएनसी यंत्र उतरवून घेतले. ते पाकिस्तानच्या अण्वस्त्र व क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी चालले असल्याचा संशय होता. त्याच वर्षी तमिळनाडूच्या कट्टुपल्ली बंदरात चीनहून पाकिस्तानला चाललेला अश्रुधुराच्या रसायनाचा साठा पकडला गेला. दोन्ही वेळा माल साध्या व्यापारी कागदांवर चालला होता. उद्या आपला ड्रम दुबईच्या एखाद्या ट्रेडरच्या नावावर जाईल आणि तिथून कुठे वळेल, याची एकदा तरी चौकशी करणे हे आपल्या हातात आहे. नवा ग्राहक भावात घासाघीस न करता रोखीने, घाईने माल मागू लागला, तर त्या आनंदात सही करू नये.

आता दुसरी बाजू. तिच्यावर मला जास्त बोलायचे आहे.

मार्च 2020 आठवा. चीनचा हुबेई प्रांत बंद पडला होता आणि मालाचे भाव दिवसागणिक चढत होते. 3 मार्चला केंद्र सरकारने 13 औषधद्रव्ये आणि त्यांची बनलेली औषधे अशा 26 वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्यात पॅरासिटामॉल होते. साऱ्या जगाला स्वस्त औषधे पुरवणारा देश, आणि आपल्याच घरात तापाची गोळी उरेल की नाही अशी शंका. कारण आपण आयात करतो त्या औषधद्रव्यांपैकी किमतीने दोनतृतीयांश माल चीनचा आहे.

हे एका दिवसात झालेले नाही. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पेनिसिलिन आपले आपण बनवायचे, हा त्यामागचा निश्चय होता. पुढे आयात खुली झाली, चिनी पेनिसिलिन इतक्या कमी भावात येऊ लागले की इथले फर्मेंटर एकेक करून थंडावले. ज्यांनी स्वस्त माल घेतला त्यांची चूक म्हणता येणार नाही. स्पर्धेत टिकायचे तर तोच घ्यावा लागत होता. पण फर्मेंटर बंद झाला की यंत्र गंजते आणि त्याहून लवकर माणसे पांगतात. जंतूंचा वाण सांभाळणारा, वासावरून बॅच बिघडल्याचे ओळखणारा माणूस पुन्हा जाहिरात देऊन मिळत नाही. 2020 मध्ये 41 औषधद्रव्यांसाठी 6,940 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. यादीत पीएपी आहे, पेनिसिलिन-जी आहे. काकीनाड्याचा पेनिसिलिन-जीचा मोठा प्रकल्प 2024 मध्ये रीतसर सुरू झाला. देशात उत्पादन उभे राहू लागले तसे चिनी भाव खाली आले आणि किमान आयात किमतीची मागणी सुरू झाली. कारखाना उभारणे हे अर्धेच काम असते. पडत्या भावात तो तग धरेपर्यंत धोरणाने पाठीशी उभे राहणे हे उरलेले अर्धे.

कसब हातातून निसटले की काय होते, हे आपल्या कल्याणनेही पाहिलेले आहे. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत गलबते बांधायला सुरुवात केली. कसब हवे म्हणून रुइ लैतांव व्हिएगस आणि त्याच्या हाताखालचे पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले. वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनला धोका कळला. आरमार उभे राहिले तर आज ना उद्या ते आपल्यावरच येणार. त्याने निरोप धाडले आणि 1659 मध्ये हे कारागीर काम अर्धवट टाकून रातोरात निघून गेले. बंदर महाराजांच्या ताब्यात होते, कसब ज्याच्या हातात होते त्याने ते काढून घेतले. त्यानंतरही आरमार झाले, कारण कोकणातल्या माणसांच्या हातात ते कसब उतरवण्यात आले.

4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला, तेव्हा व्हिएगसची आठवण झाली. वाहन कंपन्यांना अंतिम वापराचे हमीपत्र भरून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. ठाणे-अंबरनाथ पट्ट्यातले सुटे भाग बनवणारे पुरवठादारही त्या साखळीत आहेत, त्यांचेही वेळापत्रक कोलमडले. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये 7,280 कोटींची चुंबक योजना मंजूर केली. पण धातू शुद्ध करण्याची रसायनविद्या हे आपल्यासारख्यांचे काम आहे, आणि त्या चर्चेत लहान रासायनिक कारखाने अजून कुठे दिसत नाहीत.

यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एकाचे उत्पादन हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. फेज वनमधल्या एखाद्याने अँटी-डंपिंग शुल्क मागितले की फेज टूमधल्याची बॅच महाग होते, आणि आपल्याच संघटनेत दोन तट पडतात. गुणवत्ता नियंत्रण आदेशांच्या वेळी हेच झाले. मोठ्या उत्पादकांना संरक्षण मिळाले, लहान वापरणाऱ्यांचा माल अडला, शेवटी काही आदेश मागे घ्यावे लागले. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्यातला निम्मा भार रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन लावला होता. तेल शुद्धीकरण कारखान्याने घेतलेले, ऑर्डर गेली ती डाय निर्यात करणाऱ्या लहान कारखानदाराची. सुरक्षेची किंमत कुणी भरायची हे ठरवणारी यंत्रणा नसेल, तर ती सर्वांत दुबळ्याच्या खिशातून जाते. म्हणून कामा आणि टीसासारख्या इथल्या कारखानदारांच्या संघटनांनी ‘शुल्क हवे की नको’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या मालावर देश पूर्ण परावलंबी आहे आणि तो इथे बनवला तर वापरणाऱ्याला भावातला फरक कोण भरून देणार, हे दोन प्रश्न एकत्र मांडावेत.

आणि आपल्या घरातले जळणे. पण आधी बाहेरचे एक उदाहरण. 21 मार्च 2019 रोजी चीनच्या जिआंगसू प्रांतात शिआंगशुई इथे स्फोट झाला, 78 माणसे गेली. साठवून ठेवलेला नायट्रेशनचा कचरा आपोआप तापत गेला होता. तिथे मेटा-फिनिलीन डायअमीन बनत असे. त्यापासून रंग होतात, टायरच्या दोऱ्याला रबर चिकटवणारे रिसॉर्सिनॉल होते, आणि आगीशी झुंजणाऱ्या जवानांच्या कपड्याचा धागाही होतो. ते औद्योगिक क्षेत्र कायमचे बंद झाले आणि इथल्या बाजारात भाव पेटले. एका निष्काळजीपणाने जगाच्या पुरवठ्यातला एक दुवा नाहीसा झाला. आपल्याकडे 26 मे 2016 आणि 23 मे 2024, आठ वर्षांत दोनदा मे महिन्यातच डोंबिवली हादरली. त्या दोन दिवसांच्या मृतांना आपण सगळेच देणे लागतो. स्फोटानंतर कारखाने हलवण्याची घोषणा होते, आणि सागाव-सोनारपाड्याच्या रहिवाशांची भीती खरी असल्याने त्यांना दोष देता येत नाही. हलवायचे तर हलवावे. पण कोणत्या शेडमध्ये कोणती प्रक्रिया चालते, देशात ती आणखी कुठे चालते, आणि चालवणारा कामगार नव्या जागी येऊ शकेल का, याची यादी केल्याशिवाय हलवू नये. पिंपरीच्या फर्मेंटरसारखी आपल्या रिअ‍ॅक्टरवरची माणसे पांगली, तर रिकाम्या प्लॉटच्या किमतीत ती परत मिळणार नाहीत.

या माणसांचे कसब देशाच्या सुरक्षेपासून दूरचे नाही. अंबरनाथला नौदलाच्या साहित्याची संशोधन प्रयोगशाळा आहे. मार्च 2021 मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी पाणबुडीसाठीच्या इंधन घटाची जमिनीवरची चाचणी यशस्वी केली. त्या यंत्रणेत फॉस्फोरिक आम्लाचे घट आहेत आणि लागणारा हायड्रोजन ती स्वतःच तयार करते. डोंबिवलीहून तिथे पोचायला रिक्षाने फार वेळ लागत नाही. पाणबुडीच्या पोटातले ते रसायनशास्त्र आपल्यापैकी कित्येकांना पाठ आहे.

कसब आहे, नाही ती परावलंबनाची नोंद. म्हणून पुढच्या अंकापासून एक काम सुरू करतो आहोत. प्रत्येक वाचकाने आपल्या पहिल्या तीन कच्च्या मालांची नोंद करावी: माल कुणाकडून येतो, त्याला तो कुठून येतो, देशात दुसरा बनवणारा आहे का, हातात किती दिवसांचा साठा असतो, आणि पूर्वी तो माल इथे कुणी बनवत असे का. ट्रेडरचे नाव लिहून थांबू नका, त्याच्या मागे दोन पायऱ्या जा. कारखान्याचे नाव आम्ही छापणार नाही, मालाचे नाव छापू. बाजारभावाच्या पानाशेजारी हा तक्ता येईल.

पीएपीच्या त्या शेडच्या मालकांनी निघताना सांगितले की जाळीच्या दाराला खिळा एकच आहे, दुसरा ते ठोकून घेतील. पहिली नोंद त्यांचीच आली आहे. साठा: 19 दिवस.