भाकरीचा हिशेब

दसरा-दिवाळी उलटताच कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजुराने पहाटेच्या अंधारात खाल्लेली ज्वारीची भाकरी दिवसभराच्या श्रमात जळून जाते. परंतु तीच भाकरी, तिच्या जोडीला भात आणि घडोघडी गोड चहा, असा आहार कचेरीत खुर्चीवर बसून दफ्तर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या रक्तात शर्करेचे प्रमाण वाढवीत राहतो. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, गव्हातही जवळपास तितकीच; म्हणून केवळ धान्य बदलले की पथ्य साधले, हा समज मला घातक वाटतो. प्रमाण मोजलेच पाहिजे. दोन भाकरींची एक करावी, मेथी-शेपूची भाजी नि मटकीची उसळ वाढवावी, चहातली साखर सोडावी; मात्र मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी आहार घटविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.