मार्जारन्याय आणि मांजराची नखे

भक्तिविचारात शरणागतीचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी दोन न्याय सांगितले जातात. मर्कटन्यायात माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट बिलगून राहते. मार्जारन्यायात मांजरी पिल्लाला मानेच्या कातडीशी तोंडात धरते आणि पिल्लू निश्चेष्ट लोंबकळते. श्रीवैष्णवांच्या वडकलै आणि तेनकलै या दोन शाखांमधील मतभेद याच दोन दृष्टांतांनी समजावला जातो. दृष्टांत सुंदर आहे. पण दृष्टांताला मर्यादा असते आणि ती ओलांडली की अर्थाचा अनर्थ होतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगण्याची गरज नाही. असा एक अनर्थ आपल्या घरांत नेहमी घडतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो घडतो मांजराची नखे कापताना.

रीत सर्वांच्या परिचयाची आहे. एकाने मानगूट पकडायची, दुसऱ्याने पाय, आणि तिसऱ्याने नखे उरकायची. मांजर गप्प पडते आणि घरातले म्हणतात, ‘आईसुद्धा असेच धरते की!’ मार्जारन्यायाचे हे चुकीचे वाचन आहे. मांजरी असे उचलते ते काही आठवड्यांच्या पिल्लाला, आणि तेही सुरक्षित जागी नेण्यासाठी. वाढलेल्या मांजराची मान धरून कोणी त्याला दाबून ठेवले, तर निसटण्याची वाट बंद झाली एवढेच त्याला कळते. मग ते गोठून जाते. पिल्लाची निश्चेष्टता विश्वासाची आणि याची निश्चेष्टता भयाची; बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मांजरांच्या वैद्यकाला वाहिलेल्या अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मानगूट धरण्याची पद्धत त्याज्य मानली आहे.

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाला एक स्थानिक बाजू आहे. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. धान साठवायचे म्हणजे उंदीर आले आणि उंदीर आले म्हणजे मांजर आले. ते पाळीव असूनही अर्धे स्वतंत्र असे. झाडावर, कुंपणावर, लाकडी खांबावर ते नखे ओरबाडी, वरचे जुने कवच गळून पडे आणि खालून नवे टोक निघे. त्याची नखे कापण्याचा विचारही कोणाला शिवत नसे. आता भंडारा, तुमसर, साकोली अशा गावांतही मांजर फरशीच्या घरात आणि बंद दारांआड राहू लागले आहे. तेथे, विशेषतः म्हातारपणी, नखे झिजत नाहीत. वळत वळत तळव्याच्या गादीतही रुततात. पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भार गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचा. त्यामुळे हे काम घरच्यांकडेच येते.

मांजराला सहसा पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. बोट वरून व खालून हलके दाबले की नख बाहेर येते. त्याच्या मुळाकडचा गुलाबी भाग जिवंत असतो. त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. कापायचे ते केवळ पुढचे पारदर्शक, आकड्यासारखे टोक, गुलाबी भागापासून एक-दोन मिलिमीटर राखून. कात्री धारदार हवी. बोथट कात्री नख चिरडते. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर लावून क्षणभर दाबून धरावे आणि त्या दिवशी तेथेच थांबावे.

हा झाला हस्तकौशल्याचा भाग, आणि तो सोपा आहे. कठीण आहे ती पूर्वतयारी. पहिले काही दिवस कात्री काढूच नये. मांजर जेवून सुस्तावले असता पंजाला क्षणभर स्पर्श करावा, लगेच उकडलेल्या बिनमिठाच्या मासळीचा वा कोंबडीचा तुकडा द्यावा आणि उठून जावे. पुढे नख बाहेर काढून पाहावे. मग कात्री शेजारी ठेवावी. तिने कोरडी शेवई तोडून तो ‘कट्’ आवाज कानांच्या ओळखीचा करावा. त्यानंतर एक नख. एका दिवशी एकच झाले तरी पुष्कळ आहे. कान मागे पडले, शेपटी आपटू लागली, बाहुल्या विस्फारल्या किंवा अंग ताठरले, की हात काढून घ्यावा. गुरगुर ऐकून फसू नये; वेदनेत आणि भीतीतही मांजर गुरगुरते.

‘मांजरासाठी एवढा वेळ कोणाला आहे?’ असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. परंतु बळाने वाचवलेला वेळ उसना असतो. आज पाच मिनिटांत उरकलेले मांजर पुढच्या वेळी कात्री पाहताच कपाटामागे दडते, आणि ओरखडे व चावे घरच्यांच्या वाट्याला येतात. नख तळव्यात रुतले असेल तर मात्र वाट पाहणे ही क्रूरता ठरेल. तेव्हा पशुवैद्यच गाठावा. मांजर शांत राहावे म्हणून माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

याच भूभागाने मराठीला संयमाचे गद्य दिले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके ज्या रानांतून आली, ती १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच मोडत होती. प्राण्याने दर्शन द्यावे म्हणून माणसाने निश्चल बसायचे, ही त्या लेखनामागची शिस्त. ती आपण वर्गात कौतुकाने शिकवतो. वाघासाठी तासन्‌तास ताटकळणारे आपण, वाघाच्या या मावशीसाठी मात्र घरात पाच मिनिटे थांबत नाही. निश्चल राहण्याची जबाबदारी रानात आपली आणि घरात तिची, ही विभागणी न्याय्य नव्हे.

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही आपली म्हण. तिने मिटलेल्या डोळ्यांना कायमचे लबाड ठरवून टाकले. वास्तविक डोळे संथपणे किलकिले करणे ही मांजराच्या निर्धास्तपणाची खूण मानली जाते, आणि माणसाने तशीच उघडझाप केली तर मांजर प्रतिसाद देते, असे ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० साली आढळले. आपल्या मांडीवरचा मुका जीव राजी आहे की केवळ हतबल, हे ओळखता येणे हेही वाचनच आहे. ते जमत नाही तोवर कात्री खाली ठेवावी.