‘विमाने पाडली किती?’ : एका चुकीच्या प्रश्नाचा समाचार

१/१०
विमानविरोधी तोफखान्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : विमाने पाडली किती? दुसऱ्या महायुद्धात मुंबईवर हवाई हल्ला झालाच नाही, तेव्हा इथल्या तोफांना इतिहास कसला, असा निकालही लगेच दिला जातो. हा निकाल सोयीचा आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर टिकणारा नाही.

२/१०
या दलाची कथा मे २०२५ च्या चित्रफितींपासून सुरू होत नाही. सप्टेंबर १९४० मध्ये कुलाब्याला विमानविरोधी तोफखान्याच्या हिंदी जवानांची पहिली प्रशिक्षण तुकडी उभी राहिली. हाँगकाँग-सिंगापूर रॉयल आर्टिलरीत घडलेले हिंदी जवान हा तिचा गाभा होता. जानेवारी १९४१ मध्ये हे प्रशिक्षण कराचीला हलले.

३/१०
पनवेल ते कुलाबा हे हवाई अंतर सुमारे ३३ कि.मी. ताशी ४०० कि.मी. वेगाच्या बॉम्बफेकी विमानाला ते कापायला पाच मिनिटे लागतात. म्हणजे पूर्वेकडून येणारे विमान आपले की शत्रूचे, याचा निर्णय पनवेलच्या आकाशातच व्हायला हवा. मुंबईचे संरक्षण मुंबईच्या वेशीवर सुरू होत नाही.

४/१०
आता गोलंदाजाचे काम पाहा. (होय, हा शब्द मुळात तोफखान्याचाच, क्रिकेटने तो नंतर उचलला.) उंचावरील विमानापर्यंत पोहोचायला गोळ्याला वीसेक सेकंद लागत. तेवढ्यात विमान दोन कि.मी. पुढे गेलेले असे. म्हणून नेम विमानावर नव्हे, ते जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर धरायचा! उंची, वेग व दिशा यांचे हे गणित ‘प्रेडिक्टर’ नावाच्या यंत्रावर मांडले जाई.

५/१०
धोका काल्पनिक होता काय? ५ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बॉम्ब पडले. डिसेंबरात कलकत्त्याची पाळी आली. त्या वर्षी मुंबईच्या तोफेपाशी उभ्या असलेल्या जवानाला ‘इथे काही होणार नाही’ हे ठाऊक नव्हते. ते ठाऊक आहे आपल्याला, ८० वर्षांनंतर.

६/१०
मात्र उलट टोकही नको. ‘तोफांना घाबरून जपानी आले नाहीत’ हा दावा पुराव्याविना आहे. एप्रिल १९४२ नंतर जपानी विमानवाहू नौका हिंदी महासागरातून परतल्या आणि जूनमध्ये मिडवेला त्यांतल्या अनेक बुडाल्या. पहारेकऱ्याचा गौरव करायला खोटा विजय रचावा लागत नाही.

७/१०
तोफांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा अनेकांना जपानी हल्ल्याचीच शंका आली. संकट आकाशातून आलेच नव्हते. ते धक्क्याला लागून उभे होते.

८/१०
फाळणीत कराची गेली आणि विमानविरोधी प्रशिक्षण आले आपल्या देवळालीला. तेथून १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपालपूरला गेले. १० जानेवारी १९९४ रोजी हे दल तोफखान्यापासून अलग होऊन स्वतंत्र झाले. ब्रीद : ‘आकाशे शत्रून् जहि’. कुलाबा आणि देवळाली ही दोन्ही ठिकाणे महाराष्ट्रातली. तरीही मराठी इतिहासप्रेमींच्या चर्चेत ती या संदर्भात क्वचितच येतात.

९/१०
मे २०२५ मध्ये ड्रोन आले तेव्हा क्षेपणास्त्रांच्या जोडीने ‘एल-७०’ तोफाही लढल्या. मूळ रचना गेल्या शतकाच्या मध्यावरची. रडार आणि नेमयंत्रणा मात्र नवी. ‘भंगार’ म्हणून हिणवली गेलेली तोफ टिकली, कारण नेम धरणारी माणसे आणि त्यांची तालीम मधल्या शांत दशकांतही खंडित झाली नाही.

१०/१०
पनवेलकराला हे खरे तर समजावून सांगावे लागू नये. कर्नाळ्याचा सुळका बोरघाटाच्या वाटेवर शतकानुशतके पहारा देत उभा आहे. त्याने किती शत्रू मारले, असे कुणी विचारत नाही. त्याने काय राखले, हे विचारतात. तोच न्याय तोफेला लावावा. १९७१ च्या डिसेंबरात मुंबई परिसरात काळोख पाळला गेला. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज साठी ओलांडून बसली आहेत. खिडक्यांना कागद कुणी चिकटवले, भोंगा कुठून ऐकू येई, हे त्यांना आत्ता विचारले नाही तर पुढे सांगणारे कुणी उरणार नाही. पनवेलच्या आकाशात आता विमानतळाची वर्दळ आहे. त्याच आकाशाकडे डोळे लावून बसलेल्यांची नोंद मात्र कोरी आहे.