व्हिसानंतरची सोय
अंबरनाथ एमआयडीसीतला एखादा इंजिनिअर बायकामुलांसह ब्रिटनला निघाला, की चर्चा व्हिसाची, तिकिटांची आणि बॅगेतल्या लोणच्याच्या वजनाची. खरा घोर पोचल्यावर लागतो: मुलाला ताप आला तर थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आधी जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवावं लागतं, शाळेसाठी स्थानिक कौन्सिलकडे अर्ज, वर कौन्सिल टॅक्स, आणि डिसेंबरात चारच्या सुमारासच अंधार. हे सांगणारं माणूस हवं. तशी मराठी माणसं तिथे आहेतच: लंडनमध्ये १९३२पासून महाराष्ट्र मंडळ आहे. त्याच शहरात निरक्षर राधाबाई बनारसे खाणावळ चालवून ‘लंडनच्या आजीबाई’ झाल्या. कंपन्यांनी सामानाच्या भत्त्याबरोबर तिथल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा नंबरही द्यावा. दिवसभर घरात असणाऱ्या बायकोला त्याची जास्त गरज असते.