विज्ञानाचे मूळ कोठे?

अर्वाचीन विज्ञान केवळ युरोपात जन्मास आले, असे कोणी म्हणतात; ते सारे आमच्या पोथ्यांत पूर्वीच होते, असे दुसरे सांगतात. मला ही दोन्ही मते उतावळी वाटतात.

अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी येथे देवीचे प्राचीन दगडी मंदिर आहे. त्यातील शिलालेखात शके १०९८ हे वर्ष आहे; म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचे. अशा मंदिरांना लोक सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात. पण हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री झाला तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात! ऐकीव नावापेक्षा कोरलेल्या दगडाची साक्ष मोठी.

हे मंदिर घडले तेव्हा भास्कराचार्य हयात होते. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ इ. स. ११५० मधील. पृथ्वी गोल, तर वऱ्हाडातील शेतकऱ्याला ती बांधावरून सपाट का दिसते? भास्कराचार्य सांगतात, परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो. मग अफाट पृथ्वीवरील चिमुकल्या माणसाला ती सपाट दिसणारच. पृथ्वीला आधार कोणाचा? त्या आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे कोठवर जावयाचे? शेवटी एकाला स्वबळावर स्थिर मानावयाचे, तर पृथ्वीलाच का मानू नये?

असे प्रश्न इतरत्रही विचारले जात होते. अलेक्झांड्रियात एराटोस्थेनीसने सावलीच्या कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. भारतीय अंक बगदादला गेले, तेथे अल्-ख्वारिझ्मीने त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १२०२ मध्ये फिबोनाचीने ते इटलीतील व्यापाऱ्यांपुढे मांडले. त्या अंकांवाचून केप्लरची आकडेमोड किती जड गेली असती!

मग आपण कोठे अडलो? माझ्या मते, येथे हात आणि लेखणी एकमेकांपासून दूर राहिली. मंदिराचा पाथरवट कोन अचूक साधी, पंडित भूमिती जाणी. दोघांची गाठ क्वचितच पडे. भास्कराचार्यांनी यंत्रे वर्णिली खरी, पण त्यांत श्रेष्ठ मानले ते बुद्धीचे यंत्र. गॅलिलिओने मात्र भिंगे स्वतः घासली, आणि १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापिला. तेथील शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. मठ स्थापिला तो ग्रंथ पढविण्यासाठी. ते आकाशाशी ताडून पाहण्याची सोय त्यात असती, तर पुढील इतिहास कदाचित निराळा झाला असता.